संकल्पाचं पाणी

"...आणि गुरुजी, रवा सव्वा किलोच्या जागी दीड किलो भाजला गेला, तर काही बिघडतं का हो?"

"बिल्डिंगीत बिऱ्हाडं किती?" पाध्ये गुरुजींनी विचारलं.

"बावीस."

"मग कमीच पडेल."

हेमांगीचं समाधान झालं नाही. तिला पोथीतलं उत्तर हवं होतं.

गुरुजींकडे दर मंगळवारी दुपारी बायकांचा पाठांतराचा वर्ग असायचा. हेमांगी पाच वर्षं जात होती. पुरुषसूक्त तिला बिनचूक येत होतं, आणि कुणी 'म्हण' म्हटलं नाही तरी ती म्हणून दाखवायची. बोलायलाही तिला कुणी सांगावं लागत नसे. देवानं मला जीभ देताना सव्वाचं माप लावलं, असं ती स्वतःच सांगायची. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.

आज सत्यनारायण तिच्याच घरी होता. म्हणजे गुरुजींसमोर एक प्रकारे परीक्षाच. चौरंगाला केळीचे खांब बांधून झाले होते, सुपाऱ्या मांडून झाल्या होत्या, तुळशी तर तिनं निवडून, पुसून, पुन्हा निवडल्या होत्या.

चौरंगासमोर तिचे यजमान, मुकुंदराव, सोवळं नेसून बसले होते. गप्प.

मुकुंदराव देवरुखच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. त्यांचा आवाज असा, की बाकावर झोपलेला माणूस उठून बरोबर आपल्याच गाडीत जाऊन बसायचा. मग घशात गाठ आली. तपासणीचा कागद यायला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी हेमांगी देवाला पूजा बोलली, आणि गाठ साधी निघाली.

ऑपरेशननंतर आवाज तेवढा चिरका झाला.

"आता बोला, भरपूर बोला," डॉक्टर म्हणाले होते. "नाहीतर घसा आखडून असाच राहील."

त्याला आठ महिने झाले होते. दारात माणूस आला, की हेमांगी बोलायची. फोन आला, की हेमांगी. "तुम्ही कसे आहात?" असं कुणी मुकुंदरावांकडे बघून विचारलं, तरी "बरे आहेत हो," हेमांगीच म्हणायची. त्यांना त्रास नको म्हणून. आणि ते स्टँडच्या आतल्या खोलीत बसून रजिस्टर लिहीत होते. पुढच्या महिन्यात माइकवर कायमचा दुसरा माणूस येणार होता.

गुरुजींनी पळीभर पाणी मुकुंदरावांच्या उजव्या तळहातावर घातलं.

"हेमांगी, त्यांच्या हाताला हात लाव. हं... मुकुंदराव, गोत्र?"

"वसिष्ठ," हेमांगी म्हणाली.

गुरुजी थांबले.

"नाव?"

"मुकुंद नारायण गोगटे. साधं सांगू की उखाण्यात घेऊ?"

"घे बाई उखाण्यात," खुर्चीत वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "तेवढाच वेळ जास्त बोलायला मिळेल."

तोवर हातातलं पाणी बोटांच्या फटींतून ताम्हनात गळून गेलं होतं. गुरुजींनी पुन्हा पळी भरली.

"गोत्र?"

गुरुजींना ऐकू कमी येतंय वाटतं, वय झालं, असं मनात म्हणून हेमांगी जरा मोठ्यानं बोलली, "वसिष्ठ!"

पाणी पुन्हा गळलं.

गुरुजींनी तिसऱ्यांदा पळी भरली. या वेळी ती मुकुंदरावांच्या हातावर न घालता त्यांनी हेमांगीकडे बघितलं.

"हात पुढे कर."

तिनं केला.

"हे पाणी तोंडात घे. गिळू नकोस."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

हा कुठला विधी? आणि उष्ट्या तोंडानं सोवळ्यात बसायचं? तिच्याकडे निदान चार प्रश्न तयार होते. पण तोंड भरलं होतं.

गुरुजींनी मुकुंदरावांचा तळहात पुन्हा भरला.

"गोत्र?"

...

पंखा फिरत होता. ताम्हनात थेंब पडत होते. टप... टप...

हे नाही बोलायचे. मला माहीत आहे ना, हे नाही बोलायचे. गिळावं आणि सांगून टाकावं... तिची बोटं त्यांच्या मनगटावर घट्ट झाली.

गुरुजींनी पळीच्या टोकानं ती बोटं हलकेच सैल केली.

मुकुंदरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. गाल टम्म फुगलेले, डोळे मोठे, नाकानं श्वास चाललेला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. हे दृश्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना हसू फुटलं.

गंजलेली कडी सरकवावी तसं ते हसणं करकरलं. खुर्चीतल्या सासूबाईंचा वात वळणारा हात थांबला.

"व... वसिष्ठ," मुकुंदराव म्हणाले.

"नाव?"

"मुकुंद... नारायण... गोगटे."

"काय करणार?"

मुकुंदराव खाकरले. मग आवाज आला. चिरका, मध्येच तुटणारा, पण स्टँडवर शेवटची गाडी पुकारावी तसा सावकाश आणि ठासून.

"श्रीसत्यनारायणपूजनं... करिष्ये."

पाणी ताम्हनात पडलं.

हेमांगीच्या तोंडातलं पाणी कधी गिळलं गेलं, तिला कळलं नाही. डोळ्यांतलं मात्र सगळ्यांना दिसलं.

पुढे पूजा झाली, कथा झाली. आरतीला मुकुंदराव अर्धी ओळ मागे राहत होते. आणि हेमांगी, जिला ताल सुटलेला खपत नसे, तीही त्यांच्यासाठी अर्धी ओळ मागे थांबत होती.

पण एक गोष्ट तिला टोचत होती. गुरुजी निघाले तशी ती दाराशी आली.

"गुरुजी, ते तोंडात पाणी धरायचं कुठल्या पोथीत आहे? पाच वर्षांत मला कधी शिकवलं नाहीत ते. आणि मग गिळायचं केव्हा? तुम्ही तर सांगितलंच नाही! आणि समजा, यजमानांनी..."

"हात पुढे कर," गुरुजी म्हणाले.

तिनं सवयीनं केला.

त्यांनी आपल्या द्रोणातला शिऱ्याचा मोठा घास तिच्या हातावर ठेवला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? तिनं तो तोंडात घातला. गाल पुन्हा फुगले.

गुरुजींनी पिशवी खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या आणि तिच्या खांद्यावरून आत बघत विचारलं,

"मुकुंदराव, साखरप्याची गाडी कितीला सुटते हो?"