तहानलेला उपल

पूर्वी नर्मदा जिथे समुद्राला मिळते, त्या भृगुकच्छ नगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या वेळी बोधिसत्त्व रत्नपारख्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचं नाव अनुरक्षित. राजभांडारात येणारं प्रत्येक रत्न आधी त्याच्या तळहातावर यायचं, आणि तो म्हणेल ते सगळे मानायचे.

सगळ्या रत्नांत त्याला ओढ उपलाची. आता लोक त्याला ओपल म्हणतात. माणिक तांबडं, पाचू हिरवा, नीलम निळा. ज्याचा रंग त्याच्याजवळ. उपलाची तऱ्हा निराळी. तो नुसता हलवला की सगळ्यांचे रंग त्याच्या पोटात नाचू लागतात. कुणी दुधासारखा पांढरा असतो, त्यात रंग हळुवार दिसतात. कुणी निखाऱ्यासारखा नारिंगी, आरपार दिसणारा. कुणी काजळासारखा काळा, आणि त्या काळ्यावर रंग असे पेटतात की त्याचं मोल सगळ्यांहून चढं.

व्यापारी शिकायला आले की अनुरक्षित सांगायचा, "निळा ठिपका पुष्कळ उपलांत सापडतो. हिरवा त्याहून कमी. तांबडा दिसला तर श्वास रोखून बघा. रंगाचे कण मोहरीएवढे आहेत की फरशीसारखे रुंद, ते पारखा. दगड फिरवा. एका बाजूने पेटून दुसऱ्या बाजूने विझत असेल, तर मोल उतरलं. आणि कडेने बघायला विसरू नका. लबाड लोक उपलाचा पापुद्रा काळ्या दगडावर लाखेने चिकटवतात. नुसतं वरून बघणारा फसतो."

एके दिवशी विंध्यातल्या खाणपाड्यावरून कुरंगी नावाची विधवा दरबारात आली. पायांवर वाटेची धूळ, पण मान ताठ. तिने पदराची गाठ सोडली आणि आवळ्याएवढा उपल राजापुढे धरला.

मधासारख्या फिकट अंगात तांबडे, हिरवे, जांभळे तुकडे असे खेळत होते, की मोराने सगळा पिसारा मिटून एका आवळ्यात ठेवावा. चवऱ्या ढाळणाऱ्यांचे हात थांबले.

"काय हवं तुला?" राजाने विचारलं.

"सोनं नको, महाराज. तुमच्या राखीव रानातले सागाचे खांब हवेत. आमच्या खाणीचं छत कच्चं आहे. माझा माणूस तिथंच दबला. हा दगड त्याच्या मुठीत सापडला. उरलेल्यांवर तरी छत पडू नये."

त्या रानात कुऱ्हाडीला बंदी होती. राजा म्हणाला, "खरा असेल तर देतो. खोटा निघाला तर काय होतं, ठाऊक आहे ना?"

राजाला खोटं रत्न विकणाऱ्याचा उजवा हात तोडायचा, असा त्या राज्याचा नियम होता.

"ठाऊक आहे. आणि खरा निघाला, तर मला उगाच भेडसावल्याबद्दल कुणाचं काय तोडायचं?"

दरबारी दचकले. राजाला मात्र हसू आलं.

अनुरक्षिताने उपल फिरवला, कडेने पाहिला, मग जिभेच्या टोकाला लावला. दगड जिभेला चिकटला. तो म्हणाला, "खरा आहे, महाराज. असा मी कधी पाहिला नाही. पण हा तहानलेला उपल आहे. सोमिला, याला स्नान घालू नकोस."

सोमिल भांडाराचा प्रमुख. नवं रत्न राजाच्या अंगावर चढण्याआधी चांदीच्या वाटीत, नर्मदेच्या पाण्यात, पर्वणीपर्यंत बुडवून ठेवायचं, ही त्याच्या घराण्याची रीत. तो हसला. "पंडित, रत्नाला काय पडसं होतं? आमच्या वाडवडिलांनी हिरे न्हाऊ घातले, माणकं न्हाऊ घातली. एकही बुडून मेलं नाही!"

आणि त्याने रीत पाळली. शहाण्याचं ऐकण्यापेक्षा रीत पाळणं सोपं असतं.

पर्वणीला भरल्या दरबारात वाटी उघडली. आत नुसता काचेसारखा खडा. पिसारा नाही, आग नाही, काही नाही.

"नजरबंदी!" राजा ओरडला. "या बाईने डोळ्यांदेखत फसवलं!"

सोमिलाच्या लगेच ध्यानात आलं. पण बोलावं तर पद जातं. तो गप्प राहिला. शिपायांनी कुरंगीला धरलं.

ती म्हणाली, "हात तोडायचा तर तोडा. पण त्याला खोटा म्हणू नका. माझा माणूस त्याच्यापायी डोंगराखाली राहिलाय."

राजाने खडा भिरकावला. "ज्याला हवा त्याने न्यावा हा!"

तो घरंगळत अनुरक्षिताच्या पायाशी आला. सोमिल त्याच्या कानाशी लागला, "उचला, पंडित. म्हणा, बाईने बदलला. घरी नेऊन वाळवा. मग काय होईल ते तुम्हाला ठाऊक, आता मलाही. कोण विचारतंय? एका डोंगरातल्या बाईचा हात तो!"

बोधिसत्त्वाने खडा उचलला. त्याच्या कुळात कुणाच्या हाती असं रत्न आलं नव्हतं, आणि ते आपलं करायला नुसतं गप्प बसणं पुरे होतं. त्याने कुरंगीच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत खाणीची माती रुतून बसली होती.

तो म्हणाला, "महाराज, दगड तोच आहे. तो पाणी प्यायलाय. पाणी परत देईल तेव्हा आगही परत देईल."

"मग आत्ता शेगडीवर धरा!"

"धरला तर अंगभर जाळीसारख्या चिरा पडतील, आणि मग तो खरोखरच मातीमोल होईल. सावलीत, कापसात, त्याच्या गतीने वाळू द्या."

"आणि तोवर ही पळाली तर?"

"हिच्या हाताशेजारी माझा हात बांधा. दगड खोटा ठरला तर दोन्ही तोडा."

सभामंडपात एकाच ओंडक्यावर दोन हात बांधले. पुढ्यात कापसावर उपल ठेवला. कुऱ्हाडवाला बाजूला उभा राहिला.

कुरंगी म्हणाली, "पंडित, तुम्ही कशाला मधे पडलात? तुमचा हात लोण्यासारखा. कुऱ्हाडीला चटक लागेल."

"बाई, या हाताने साक्ष दिली आहे. आता त्याला दुसरीकडे जागा नाही."

दिवस जात राहिले. खड्याचं पारदर्शकपण गेलं आणि तो भाताच्या पेजेसारखा गढूळ पांढरा झाला. बघायला येणारे म्हणाले, "होती ती चकाकीही गेली." राजाचा धीर सुटला. त्याने कुऱ्हाडवाल्याला खूण केली. कुरंगीने डोळे मिटले.

"महाराज," अनुरक्षित म्हणाला, "ऊन खांबापर्यंत येऊ द्या. एवढंच मागतो."

ऊन खांबापर्यंत आलं. पांढऱ्या गढूळपणात तिळाएवढा हिरवा ठिपका उजळला. मग त्याच्या शेजारी जांभळा. मग कुठून तरी खोलातून तांबडा वर आला, रुंद, शांत, जणू आतल्या आत दिवस उगवत होता. एकेक करून सगळा पिसारा उघडला. जयजयकार करायचं कुणाला सुचलं नाही. कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड आपणहून खाली ठेवली. राजा सिंहासनावरून उतरला, अनवाणी चालत आला, आणि वाकून बघत राहिला.

"उघडा डोळे, बाई," अनुरक्षित म्हणाला.

कुरंगीने पाहिलं. इतके दिवस न रडलेली ती बाई तेव्हा रडली.

राजाने स्वतः दोऱ्या सोडल्या. सोमिल पायांवर पडला आणि सगळं बोलून गेला. राजाचे डोळे पुन्हा लाल झाले. तेव्हा बोधिसत्त्व मनगट चोळत म्हणाला, "महाराज, तुम्हाला राग चढलाय. आधी तो वाळू द्या."

राजा वरमला. सोमिल वाचला.

सागाचे गाडे विंध्याकडे गेले आणि खाणीचं छत उभं राहिलं. उपल राजाने मुकुटात जडवला नाही. कुणाला शिक्षा सुनावण्याची वेळ आली, की राजा तो आपल्या हाताने पाण्यात बुडवून ठेवायचा, बाहेर काढून कापसावर ठेवायचा, आणि त्यातले रंग परतेपर्यंत निवाडा द्यायचा नाही. त्याच्या राज्यात पुढे कुणाचा हात तुटला नाही.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, जेतवनातल्या विहारात सांगितली. संघात नव्याने आलेली एक भिक्षुणी आपलं लेकरू गमावल्यापासून एक शब्द बोलत नव्हती. एक भिक्षू म्हणाला होता, "हिच्यात काही उरलं नाही. घरी पाठवा." तिचं दुःख ठाऊक असलेला दुसरा भिक्षू गप्प बसला होता.

कथा संपवून शास्ता म्हणाला, "घाई करणारा हा तेव्हा भद्रसेन राजा होता. गप्प बसलेला हा तेव्हा सोमिल होता. कुरंगी म्हणजे ही भिक्षुणी. आणि ओंडक्यावर हात ठेवणारा पारखी मी होतो."

भिक्षुणीने मान वर केली. कुणी तिला बोल म्हटलं नाही.

दुसऱ्याचे रंग परत येईपर्यंत त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवून थांबायचं, याला क्षांती म्हणतात.