वाय-फायची खाच

“आणि स्क्रीन नाहीच उजळली, तर?” भंते शीलरत्नांनी विचारलं.

“तर कॉम्प्युटरचा बोर्ड भंगारात,” उत्पला म्हणाली.

शेजारी बसलेली करुणा कान देऊन ऐकत होती.

करुणाची बारावी तोंडावर आली होती आणि छापील पुस्तक तिला दिसत नव्हतं. अक्षर तळहाताएवढं केलं, तरच ओळखू यायचं. विहाराच्या अभ्यासिकेत मोठी स्क्रीन होती. पण तिथला कॉम्प्युटर जुना, आणि त्याचं स्क्रीन जोडायचं पोर्ट जळालेलं. स्क्रीनवर चित्र पाठवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं, तर बोर्डावर त्याच्यासाठी जागाच नाही. होती ती एक पेरभर खाच, उत्पलाच्या म्हणण्याप्रमाणे वाय-फायचं कार्ड बसवायची.

उत्पला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. भंतेंकडे ध्यान शिकायला यायची आणि शिकण्यापेक्षा वाद जास्त घालायची. तिने त्याच खाचेत पट्टीसारखी केबल खोचली, दुसऱ्या टोकाला भलंमोठं कार्ड जोडलं, त्याला वेगळा पॉवर सप्लाय दिला. विहार समितीचे अध्यक्ष डोकावून गेले आणि म्हणाले, पोरी, सायकलला ट्रॉली जोडतेस की काय? मोठ्या माणसांचं हे असलं बोलणं तिच्या डोक्यात जायचं.

तिने बटण दाबलं. कार्डाचा पंखा घरघरला. स्क्रीन काळीच.

सगळं बंद केलं, पुन्हा जोडलं, पुन्हा बटण.

काळीच.

भंते उठून अंगण झाडायला गेले. तेवढ्यात एक जोडपं आलं. नव्या घरात राहायला जायचं होतं, त्याआधी पंचशील घ्यायचं होतं. भंते खराटा टेकवून आसनावर बसले. जोडप्याने हात जोडून शील मागितलं. भंते गप्प. रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा मागितलं. गप्प. तिसऱ्यांदा मागितल्यावर भंतेंनी शील द्यायला सुरुवात केली.

उत्पला दारातून बघत चडफडत होती. जोडपं गेल्यावर तिने विचारलंच.

“पहिल्यांदा मागितलं, तेव्हा ऐकू आलं होतं ना, भंते?”

“आलं.”

“मग गप्प का?”

“बसलो होतो खरा… पण अजून अंगणच झाडत होतो.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“निघालो.”

“तिसऱ्यांदा?”

“पोचलो.”

उत्पला हसणार होती. हसू अर्ध्यावरच राहिलं.

बोर्ड सुरू होताना एकदाच विचारतो, कुठल्या खाचेत कोण आहे. केबलच्या टोकावरचं कार्ड तोवर जागंच झालेलं नसणार. आणि ती दर वेळी सगळीच वीज तोडून त्याला पुन्हा झोपवत होती.

ती धावत आत गेली. या वेळी वीज तोडली नाही. कार्ड तसंच चालू ठेवून बोर्डाचं फक्त रिसेट दाबलं.

स्क्रीन काळी…

तिचा हात सवयीने मेन स्विचकडे गेला. भिक्खू बाईच्या अंगाला हात लावत नाहीत. मागून आलेल्या भंतेंनी खराटा स्विचच्या आड धरला.

“ताई,” करुणा म्हणाली, “पंख्याचा आवाज उतरला बघ.”

कार्ड जागं झालं होतं; उत्पलाला तो बदल जाणवलाही नव्हता. पुढच्याच क्षणी स्क्रीन उजळली.

करुणाने नाक काचेला टेकवलं आणि पहिली ओळ वाचली. सावकाश, एकेक अक्षर. मग मागे वळून तिने विचारलं, हे असं जोडायला मला शिकवशील का?

“तुला?” उत्पला बोलून गेली. “अगं, त्यातल्या पिना केसाएवढ्या बारीक असतात. तुझ्या डोळ्यांना ते…”

करुणाचं बोट केबलवरून सरकत सरकत बरोबर खाचेपाशी येऊन थांबलं होतं.

“उत्पला,” भंते म्हणाले, “ही खाच कशासाठी केली होती म्हणालीस?”