तेलाचा रांजण

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही फार फार पूर्वीची गोष्ट आहे. ज्या डोंगरावर ती घडली, त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही.

त्या डोंगरावर दोन गावं होती. माथ्यावरच्या गावात बारमाही झरा होता. पायथ्याचं गाव खाडीच्या काठी होतं आणि तिथे मीठ पिकायचं. वरच्यांनी पाणी सोडायचं, खालच्यांनी मीठ द्यायचं, असा त्यांचा शब्द होता. दरवर्षी नाचणीची कापणी झाली की दोन्ही गावं एकत्र बसायची, एकाच रांजणातली नाचणीची दारू प्यायची आणि तो शब्द पुन्हा द्यायची. ही दारू भट्टीवर गाळलेली कडक नव्हे. नुसती आंबवलेली, सौम्य, फेसाळ. आज शहरात जिला बिअर म्हणतात, तिची डोंगरातली थोरली बहीण म्हणा.

ही दारू करायचा मान वरच्या गावच्या गोंदाजीचा होता. नाचणीला मोड आणणं, ती वाळवून दळणं, शिजवून निववणं, विरजण घालणं, हे गावात पुष्कळांना येत होतं. रांजण निवडावा तो मात्र गोंदाजीनंच. पातळ अंगाचा तो घ्यायचा नाही, कारण उन्हानं आतलं तापतं. रुंद तोंडाचा घ्यायचा नाही, माश्या शिरतात. तांब्यापितळेच्या हंड्याला तर हातच लावायचा नाही, आंबट त्यात कळकतं. भरतानाही तो वरती वीतभर जागा सोडायचा, फेस चढायला.

एवढं सगळं पाहून झालं की तो रांजणात डोकं घालायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. मातीच्या भांड्यात पूर्वी काय ठेवलं होतं, ते त्याला वासावरून कळायचं. लोणचं, मासळी, ताक, काहीही. "गोंदाजीबाबांचं नाक" असं लोक अभिमानानं म्हणायचे.

रांजण धुवायचं काम राहीकडे होतं. ती चाळिशीची विधवा होती. राख लावून घासायची, कढत पाणी ओतायची, उन्हात पालथे घालायची, मग कडुलिंबाची धुरी द्यायची. त्या कामावर तिचं पोट होतं आणि गावात तिला मानही होता.

एका पावसाळ्यात गोंदाजीला ताप आला. ताप उतरला आणि वास घेऊन गेला. आधी त्याला वाटलं, सर्दी आहे, जाईल. महिना गेला, दोन गेले. फुलं, शेण, भाकरी, सुकी मासळी, कशालाच वास उरला नाही.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. डोळे गेले तर माणूस सांगतो, पाय गेले तरी सांगतो. पण ज्याचं सगळं मोठेपण नाकात होतं, त्यानं नाक गेलं हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

कापणी झाली. राहीनं पाच रांजण धुऊन ओळीत मांडले आणि सहावा भिंतीशी वेगळा ठेवला. गोंदाजी आला. त्यानं नेहमीसारखं प्रत्येक रांजणात डोकं घातलं, डोळे मिटले, मान हलवली. शेवटी भिंतीजवळच्या रांजणापाशी थांबला. तो सर्वांत देखणा होता, जाड अंगाचा आणि निमुळत्या तोंडाचा. त्यातही त्यानं डोकं घातलं.

"हा घे," तो म्हणाला.

"बाबा, हा नको," राही हळूच म्हणाली. "यात कुणीतरी तेल साठवलं होतं. तीनदा धुतला, तरी खवट वास जात नाही. म्हणून तर बाजूला ठेवलाय."

गोंदाजीचे कान तापले. आपलं बिंग हिला कळलं की काय, अशी भीती त्याला वाटली.

"माझ्या नाकाला तू शिकवणार?" तो ओरडला. "उचल तो रांजण!"

राहीनं उचलला.

एकदा तोंड बांधलं की रांजण फक्त गोंदाजीच उघडायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं फडकं सोडून पाहिलं. फेस जेमतेम होता, आणि वर बारीक तवंग चमकत होता. अजून चार दिवस होते, दुसरा रांजण लावता आला असता. पण लोकांनी कारण विचारलं असतं. त्यानं फडकं पुन्हा बांधलं.

ठरल्या दिवशी दोन्ही गावं मैदानात बसली. पहिला वाडगा खालच्या गावच्या थोरल्या आजींना दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि वाडगा खाली ठेवला.

"खवट तेलाची दारू पाजायची होती, तर बोलावलंत कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमच्या मनात शब्द पाळायचा नाही, असं सरळ सांगायचं होतं."

त्या उठल्या. त्यांच्यामागे सगळं गाव उठलं आणि डोंगर उतरून गेलं.

वरच्या गावचा पाटील गोंदाजीकडे वळला. "बाबा, हे काय झालं?"

दोनशे डोळे त्याच्यावर होते. गोंदाजीनं राहीकडे बोट केलं. "रांजण ती धुते. नीट धुतला नसेल."

राही उभी राहिली. "बाबा, मी सांगितलं होतं ना तुम्हाला, याला तेलाचा वास आहे म्हणून?"

गोंदाजीनं तिच्याकडे पाहिलं नाही. "मला कुणी काही सांगितलं नाही."

पाचच शब्द होते ते. राही घरी निघून गेली.

त्या दिवसापासून तिला कुणी भांड्याला हात लावू दिला नाही. पोरं तिला खवट राही म्हणून चिडवायची. ती मोळ्या विकून दिवस काढू लागली.

खालून मीठ येईना. वरच्यांनी रागानं पाट बंद केला, आणि खालचे मळे वाळले. वरच्या गावात अळणी कालवण खाताना लोक घासागणिक राहीला शिव्या देत. गोंदाजी तेव्हा मान खाली घालून बसे. लोक म्हणत, "बाबांचं मन किती मोठं! तिला एका शब्दानं बोलत नाहीत." ते ऐकलं की तो अर्ध्या जेवणावरून उठे.

चैत्रातल्या एका दुपारी घरची माणसं रानात गेली होती. सुनेनं चुलीवर पेज ठेवली होती आणि म्हाताऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तो चुलीकडे पाठ करून दोर वळत बसला. एकाएकी दारातून कुणीतरी धावत आत आलं आणि पदरानं मडकं खाली उतरवलं. राही होती. तिची मोळी दाराबाहेर पडली होती.

"रस्त्यावर वास येतोय! पेजेचा कोळसा झालाय, आणि तुम्ही इथे बसून..."

बोलता बोलता ती थांबली. तिनं जळकं मडकं त्याच्या तोंडापुढे धरलं.

"याचा वास येतो?"

गोंदाजीनं नकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"तापापासून."

आता ही गाव गोळा करील, असं त्याला वाटलं. तिनं मडकं ठेवलं, मोळी डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली.

संध्याकाळी लोक आले, ते नेहमीसारखे रामराम करून गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच, आठव्या दिवशीही तसंच. नवव्या दिवशी गोंदाजीला राहवलं नाही. तो राहीच्या खोपटापाशी गेला.

"कुणाला सांगत का नाहीस?"

"माझं ऐकणार कोण?" राही म्हणाली. "आणि ऐकलंच, तर लोक तुमच्या दारावरून थुंकत जातील. त्यातून मी जातेय. दुसऱ्या कुणाला त्यात ढकलावं असं नाही वाटत."

गोंदाजीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो हात जोडून काही बोलणार, तोच तिनं अडवलं.

"इथे नको. माझं नाव जिथे घेतलंत, तिथे बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्या गावाला मैदानात बोलावलं. त्यानं सगळं सांगितलं. ताप, रांजण, तिनं दिलेली सूचना, दारूवरचा तवंग आणि ते पाच शब्द. काहीही वगळलं नाही.

"म्हणजे आम्ही इतके महिने अळणी खाल्लं, ते तुझ्यापायी?" पाटील म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गोंदाजीला अरेतुरे केलं. पण त्यालाही राहीकडे मान वर करून बघवेना. शिव्या सगळ्यांनीच दिल्या होत्या.

त्याच दिवशी वरच्यांनी पाट मोकळा केला आणि गोंदाजी एकटा डोंगर उतरला. खालच्या गावात त्यानं तेच पुन्हा सांगितलं. थोरल्या आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वास गेला, त्यात तुझा काय गुन्हा?" त्या म्हणाल्या. "पण त्या बाईचे दिवस कोण भरून देणार? जा, तिनं निवडलेल्या रांजणातली दारू पाजा. मग शब्दाचं बघू."

पुढच्या कापणीला राहीनं रांजण निवडला. हाताखाली तिनं तीन जणी घेतल्या आणि चौघींनी वास घेतल्याशिवाय एकही रांजण भरला नाही. दारू उत्तम उतरली. शब्द पुन्हा दिला गेला, मीठ वर आलं. वाळलेले मळे धरायला मात्र आणखी दोन वर्षं लागली.

गोंदाजी त्या दिवशी सगळ्यांच्या मागे बसला, आणि पुढेही मरेपर्यंत मागेच बसत राहिला. गावानं त्याला माफ केलं. राहीनंही केलं असेल. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि तिला विचारायचं धाडस त्याला कधी झालं नाही.

बोध इतकाच: आपली उणीव सांगताना मान एकदाच खाली जाते, पण ती उणीव झाकायला दुसऱ्यावर दोष ढकलला, तर मान पुन्हा पुरती वर येत नाही.