परत मागितलेले लाडू

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्येला आणि तिच्या लहानग्याला सोबत घेऊन विमानाने निघाले. आचार्यांच्या गोष्टीत विमान आलं म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. पूर्वीचे आचार्य बैलगाडीने जात, कारण तेव्हा विमान नव्हतं, एवढंच. माणसाच्या मनातली भीती बैलगाडीत होती तीच विमानातही असते, आणि ही गोष्ट भीतीचीच आहे.

शिष्येचं नाव केतकी. परकर-पोलक्याच्या वयापासून ती आचार्यांकडे संस्कृत शिकली आणि आता पुण्याच्या एका महाविद्यालयात तेच शिकवत होती. तिचा नवरा मंदार आसामात एका पुलाच्या कामावर अभियंता होता. मुलगा निहार तान्हा असताना तो तिकडे गेला. मध्ये एकदा येऊन गेला, तेव्हा निहार जेमतेम पालथा पडत होता. आता त्याला पाय फुटले होते आणि चार-दोन शब्दही. त्यांतला एक शब्द होता 'बाबा', आणि तो शब्द तो फोनला उद्देशून म्हणे. फोन कोपऱ्यात नुसता चार्जिंगला लावलेला असला, तरी तिकडे बोट दाखवून 'बाबा' म्हणे. घरातले सगळे हसत. केतकीला मात्र हसू येत नसे.

मंदारने गुवाहाटीत घर भाड्याने घेऊन ठेवलं होतं. केतकीने दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. कारण विचारलं की म्हणे, "विमानात हा रडायला लागला तर? एवढी माणसं, आणि उठून बाहेर जायची सोय नाही." एका बाईला मूल रडलं म्हणून सहप्रवासी कसे वाट्टेल ते बोलले, हे तिने कुठेतरी पाहिलं होतं, ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या वेळी मंदार फोनवर म्हणाला, "राहू दे, काही हरकत नाही. पण केतकी, आणखी उशीर झाला तर मी त्याला कायमचा परका होईन गं."

आचार्यांच्या कानावर हे गेलं. त्यांना गुवाहाटीच्या एका पाठशाळेत व्याख्यानाचं निमंत्रण होतंच. ते म्हणाले, "माझ्याबरोबर चल. रडला तर दोघे मिळून ऐकू."

केतकीची तयारी कशी होती, तेही ऐका. तिने घरी बेसनाचे लाडू वळले. प्रत्येक लाडू कागदी पुडीत घातला, सोबत कानात घालायला कापसाचे बोळे ठेवले, आणि एक चिठ्ठी: 'मी निहार. माझा हा पहिलाच विमानप्रवास. मी रडलो तर मला आणि माझ्या आईला क्षमा करा.' विमानात शिरल्याबरोबर तिने आपल्या, पुढच्या, मागच्या आणि पलीकडच्या रांगेत या पुड्या वाटल्या. वाटताना प्रत्येकाला "सॉरी हं, त्रास होईल तुम्हाला," असंही म्हणत गेली. मूल तोवर तिच्या कडेवर बसून पंख्यासारखी हवा फेकणाऱ्या भोकाकडे प्रसन्नपणे पाहत होतं.

लोकांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि एकेक मान वळू लागली. चिठ्ठीपूर्वी ज्यांना मूल दिसलंही नव्हतं, ते आता त्याच्यावर लक्ष ठेवून बसले. केतकीच्या रांगेत खिडकीशी ती, मध्ये आचार्य आणि कडेला एक भरघोस मिशांचे व्यापारी होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, हवाई सुंदरीला बोलावलं आणि दुसरीकडे जागा आहे का विचारलं. विमान भरलेलं होतं. व्यापाऱ्यांनी दीर्घ उसासा टाकला. केतकीचा चेहरा उतरला.

तेव्हा आचार्य उठले. रांगारांगांतून फिरत त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "मंडळी, या पुड्या जरा परत द्या. योग्य वेळी पुन्हा मिळतील."

लोक चकित झाले. दिलेला खाऊ परत मागणारा म्हातारा कुणी पाहिला नव्हता. एका तरुणाच्या गालात लाडू केव्हाच जाऊन बसला होता. तो ओशाळून काहीतरी पुटपुटला, पण भरल्या तोंडामुळे कळलं नाही. "असू द्या, असू द्या, जो गेला तो सुखाने जाऊ द्या," असं म्हणून आचार्य पुढे गेले. केतकीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण विमानात तीही सोय नव्हती.

"गुरुजी, हे काय केलंत?" ती कुजबुजली.

"नंतर सांगतो," असं म्हणून ते व्यापाऱ्यांकडे वळले. "शेठ, हा माझा पट्टा जरा लावून देता का?"

केतकी पाहतच राहिली. आचार्य देशभर विमानाने हिंडले होते. पट्टा त्यांना डोळे मिटून लावता आला असता. व्यापाऱ्यांनी नाइलाजाने पट्टा लावून दिला. आचार्यांनी नाव-गाव विचारलं. आडनाव चांडक, धंदा चहाचा, चहाच्या लिलावासाठी निघालेले. "आणि झोप झालेली नाही," असंही चांडक मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

विमान सुटलं, चढू लागलं आणि ज्याची भीती होती तेच झालं. निहारच्या कानांना दडे बसून ते दुखू लागले. त्याने टाहो फोडला. केतकी घामाघूम झाली. ती त्याला छातीशी आवळू लागली, तसा तो आणखी किंचाळू लागला. "शू, शू, लोक बघतायत ना," असं ती त्याला सांगत होती. एवढ्याशा जिवाला लोकांशी काय कर्तव्य? पट्ट्यांचे दिवे विझेपर्यंत तिच्या डोळ्यांतूनही पाणी येऊ लागलं होतं.

दिवे विझताच आचार्यांनी तिच्या हातून मूल घेतलं आणि सरळ चांडकांच्या मांडीवर ठेवलं.

"शेठ, जरा धरा हो. हिला वाटीत गूळपाणी कालवायचंय. घोट गिळला की कान सुटतात."

"अहो, मी? मला नाही जमत हे! आमच्याकडे पोरांचं सगळं बायकाच बघतात."

"मग आज शिकून घ्या. तुमच्याशिवाय इथं दुसरं कोण आहे?"

चांडकांनी मूल चहाच्या पोत्यासारखं दोन्ही बाजूंनी धरलं. निहारने त्यांच्या मिशांकडे पाहिलं आणि रडता रडता आवंढा गिळून थबकला. इतक्या जवळून मिशा त्याने जन्मात पाहिल्या नव्हत्या. चांडकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी खिशातून चहाच्या नमुन्याची पत्र्याची डबी काढून खुळखुळवली. मग झाकण किलकिलं करून त्याच्या नाकाशी धरली. "बघ, वास घे. वरच्या मळ्यातला आहे, साधासुधा नाही!" निहारने नाक फेंदारलं, पुन्हा वास घेतला आणि डबी मागायला हात पुढे केला.

केतकीने गूळपाणी कालवलं. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळून म्हणाल्या, "वाटी मी धरू का गं? तू चमचा सांभाळ." त्यांनी वाटी धरली आणि केतकीने चमच्याने एकेक घोट दिला. मघाचा लाडूवाला तरुण उभा राहून मुलासमोर तोंडं वेडीवाकडी करू लागला. कुणी कापूस मागितला नाही. थोड्या वेळाने निहार चांडकांच्या कोटावर मान टाकून झोपला, आणि ज्यांना झोप हवी होती ते चांडक मुलाची झोप मोडू नये म्हणून ताठ जागे बसले. त्यांच्या बाहीवर लाळेचा ओघळ उतरला होता, तोही त्यांनी पुसला नाही.

केतकीने किती तरी वेळाने पाठ टेकली. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून ठेवावा तसं तिला हलकं वाटलं. मग तिने हळूच विचारलं, "गुरुजी, पुड्या का परत घेतल्यात?"

आचार्य म्हणाले, "बाळ, अपराध घडल्यावर क्षमा मागणं हा धर्म आहे. पण अपराध घडण्याआधीच क्षमा मागितली, की ऐकणारा अपराधाची वाट पाहत बसतो. आणि मुलाचं रडणं हा मुळात अपराधच नव्हे. तू लाडू दिलास खरा, पण तो दंड म्हणून दिलास. दंड घेणारा माणूस न्यायासनावर बसतो. या सगळ्यांना तू स्वतःच्या हाताने तिथं बसवलंस आणि मग त्यांच्या नजरांना घाबरलीस. मी त्यांना खाली उतरवलं. माणसाकडे क्षमा मागितली की तो मागणाऱ्याच्या चुका मोजतो. मदत मागितली की तो आपल्या बाजूला येऊन बसतो. हे शेठ तेच आहेत गं, ज्यांना मघाशी जागा बदलून हवी होती."

केतकीने मग मनातलं खरं ते सांगितलं. "गुरुजी, विमानाची भीती वरवरची होती. खरी भीती पुढची आहे. हा मंदारकडे गेलाच नाही तर? त्याला पाहून किंचाळला तर? तो बोलणार नाही काही, पण आतून मोडेल."

"आजवर हा कुणाकुणाच्या मांडीवर बसलाय?"

"माझ्या आणि आईच्या. दुसऱ्या कुणाकडे मी देतच नाही. रडतो, लोकांना उगीच त्रास."

"म्हणजे आज वाटेत कुणीच भेटलं नसतं, तर याच्या आयुष्यातला पहिला परका माणूस याचा बापच ठरला असता," आचार्य म्हणाले आणि चांडकांकडे पाहून हसले. "आता तो दुसरा ठरेल."

विमान उतरू लागलं तेव्हा केतकीने मूल आपल्या मांडीवर घेतलं. निहार पुन्हा रडला, पण या खेपेस ती 'शू' म्हणाली नाही. तिने गूळपाण्याचा चमचा पुढे केला. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं, झालं, आलंच हं आपलं गाव." विमान टेकल्यावर आचार्यांनी पुड्या तिच्या हाती दिल्या. तिने आतल्या चिठ्ठ्या आणि बोळे काढून टाकले आणि पुन्हा लाडू वाटले. यावेळी ती एवढंच म्हणाली, "घरचे आहेत, घ्या ना." लोकांनी ते तिथंच उभ्या उभ्या खाल्ले. वाटीवाल्या बाईंनी तर कृती विचारली.

बाहेर कठड्यापाशी मंदार उभा होता. केतकीला पाहून त्याचा चेहरा उजळला आणि मुलाला पाहून तो एकदम बिचकला. त्याने हात अर्धवट पुढे केले आणि मागे घेतले. निहारने त्याच्याकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बाबा."

मंदारने हसायचा प्रयत्न केला. "राहू दे, राहू दे. रडेल तो. सॉरी हं निहार, मी तुला नवीन आहे ना. होईल हळूहळू सवय."

केतकीने तो स्वर ओळखला. सकाळी रांगारांगांतून पुड्या वाटताना तो तिचाच होता. तिने समजूत घातली नाही की धीर दिला नाही. फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "अरे, जरा धर ना याला. मला बॅग घ्यायचीय." आणि मूल त्याच्या हातात देऊन ती खरोखरच बॅगकडे वळली.

मंदारने त्याला धरलं. निहारने ओठ काढला. मग त्याला समोर दाढी दिसली, मिशा दिसल्या. मिशावाला माणूस आता त्याच्या ओळखीचा प्रकार होता. फोनच्या काचेवर टेकवायचा तसं त्याने बोट मंदारच्या गालावर टेकवलं. दाढी टोचली, तसं दचकून मागे घेतलं. काच कधी टोचली नव्हती. त्याने पुन्हा बोट लावलं, मग पूर्ण पंजा लावला, आणि त्या चेहऱ्याकडे अगदी निरखून पाहत म्हणाला, "बाबा?"

मंदारने नुसती मान हलवली आणि मुलाच्या पोटात तोंड लपवलं. केतकी बॅगेची मूठ हातात घेऊन तिथंच रडत उभी राहिली, आणि या रडण्याबद्दल तिला कुणाची माफी मागावीशी वाटली नाही.

मागून केतकीची दुसरी बॅग ओढत चांडक आले. बापाची धरण्याची पद्धत त्यांना पसंत पडलेली दिसली नाही. "अहो, असं नाही. खांद्यावर घ्या," ते अधिकाराने म्हणाले. "झोपताना मान डावीकडे टाकतो तो." आचार्यांनी उरलेली एक पुडी मंदारच्या खिशात सरकवली आणि पाठशाळेची गाडी शोधायला निघून गेले.

पुढे कधी शेजारच्या आसनावर एखादं मूल रडू लागलं, तर कान झाकण्याआधी हात पुढे करून पाहा. आणि मूल तुमचं असेल, तर ते निःसंकोच त्या हातात द्या.