तीन बोटे मावणारे तोंड

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या दारी एक व्यापारी आला. वर्षानुवर्षे तंबाखू-सुपारी गालात धरून त्याचे तोंड इतके आखडले होते की आत जेमतेम एक बोट जाई. भाकरी कधीच सुटली होती. बिचारा पेजेवर जगत होता.

वैद्यांकडे दोन शिष्य होते. थोरला जुना, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्के ठाऊक असलेला. तरी वैद्यांनी रोगी धाकट्याकडे सोपवला. त्या घरची रीत अशी, की बरा झालेला रोगी पहिला घास उपचार करणाऱ्याच्या हातून खाई. तो मान धाकट्याला मिळणार, या विचाराने थोरल्याच्या पोटात दुखू लागले.

धाकटा रोज रोग्याच्या दातांमध्ये पातळ लाकडी पट्ट्या सरकवी आणि सोसेल तशी एखादी वाढवी. तंबाखू-सुपारी मात्र पूर्ण बंद. तोंड हळूहळू सैल पडू लागले, तसतसा थोरल्याचा जळफळाट वाढला. मग एकाएकी सगळे बिनसले. गालाची आग होऊ लागली, काल गेलेली पट्टी आज जाईना. धाकटा रडकुंडीला आला.

वैद्यांनी व्यापाऱ्याला खोदून विचारले. तो ओशाळून म्हणाला, "पुडीतली चिमूटभर तंबाखू खात होतो, महाराज. थोरल्यांनी पाहिलं होतं. ते काहीच बोलले नाहीत, तेव्हा वाटलं, एवढं चालत असेल."

वैद्यांनी रोग्याला पाटावरून उठवले आणि तिथे थोरल्याला बसवले.

"आ कर."

थोरला गोंधळला, पण त्याने तोंड उघडले. वैद्यांनी तीन बोटे उभी धरून आत घातली. ती सहज गेली.

"तोंडाला तर काही झालेलं नाही," वैद्य म्हणाले. "मग याच्या हातातली पुडी पाहून ते उघडलं का नाही? तुला धाकट्याची फजिती हवी होती. उपाशी मात्र हा राहिला. तंबाखूनं तोंड आखडलं की माणसाला कळतं, कारण स्वतःचाच घास अडतो. मत्सरानं मिटलेलं तोंड दोन्ही वेळा पोटभर जेवतं आणि उपास दुसऱ्याला घडवतं. म्हणून त्या रोग्याला आपला रोग कळतच नाही."

थोरल्याची मान खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून व्यापाऱ्याची पुडी काढून घेण्याचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले.

पुढे एके दिवशी व्यापाऱ्याने दुधात कुस्करलेल्या भाकरीचा पहिला घास धाकट्याच्या हातून खाल्ला. थोरल्याच्या पोटात तेव्हाही दुखलेच. तरी सर्वांच्या आधी तोच म्हणाला, "छान केलंस रे."