पाजलेलं धनुष्य

सातपुड्याच्या उतारावर झिरेखोरे नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक कपार आहे आणि त्या कपारीत राम उभा आहे. विसावानाथ महाराज फिरत फिरत या गावी आले, रामाला पाहून थबकले आणि देह ठेवीपर्यंत तिथून हलले नाहीत. कपारीला बारमाही पाझर. वरून थेंब गळायचा तो रामाच्या खांद्यावर. महाराज म्हणायचे, "माझ्या रामाचा वनवास अजून सरला नाही रे, डोक्यावर धड छप्पर नाही."

त्या रामाच्या हातात खरे, लाकडी धनुष्य असे. रामनवमीला हाती द्यायचे, दसऱ्याला काढून त्याच धनुष्याने नदीपार एक बाण सोडायचा आणि मग गावाने शीव ओलांडायची, अशी तिथली रीत. मोडले तर नदीत सोडायचे. आणि भाविकजनहो, ते बहुतेक वर्षी मोडायचेच! पावसाळाभर त्या ओलीत राहून लाकडाचा जीव तो किती उरणार?

गावात धनुष्ये घडवणारे एकच घर, दित्याचे. त्या वर्षी त्याने धामणीच्या झाडाचे लाकूड निवडून, तासून, काचेने खरवडून असे धनुष्य केले होते की महाराजांनी ते हातात घेऊन कपाळाला लावले. पण ओल लागू नये म्हणून त्यावर शेवटचा हात फिरवायचे राहून गेले. फाल्गुनात तापाची साथ आली. आधी दित्याची तान्ही लेक रुपली गेली, मागोमाग दित्या गेला. घरात त्याची बायको साळू उरली, आणि भिंतीला टेकलेले ते उघडे लाकूड.

गढीवर रंगोजी रोगणकार होता. पालखीचे दांडे, ढाली, पाट, साऱ्यांवर त्याचेच रोगण. माझ्या रोगणात तोंड पाहून घ्या, असे तो सांगत फिरायचा, आणि खोटे नव्हते ते. तो साळूच्या दारी आला आणि म्हणाला, लाख-राळेची पुटे चढवून देतो, पाण्याची काय बिशाद आत शिरायची! साळूला काही सुचेना. दित्या रोगणाला नाक मुरडायचा, एवढेच तिला ठाऊक. ती धनुष्य घेऊन महाराजांकडे गेली. रंगोजीही मागून आलाच.

महाराजांनी दोघांचे ऐकून घेतले. म्हणाले, "रंगोजी, तुझे रोगण पाटाला उत्तम. पाट बसून असतो. पण ज्याच्या नशिबी वाकणे आहे, त्याला वरचे कवच पुरत नाही. ते तडकते, आणि त्या तड्यातून ओल आत जाते ती बाहेर येत नाही. साळू, माय, जवसाचे तेल घे. कोमट कर. तळहाताने या लाकडाला पाज."

तेल लाकडाला लावतात असे आपण म्हणतो. महाराज 'पाज' म्हणाले. तो शब्द साळूच्या छातीत रुतला. तिचा पान्हा अजून पुरता आटला नव्हता हो.

पायऱ्या उतरताना रंगोजी खाली उभ्या असलेल्या पाटलांना ऐकू जाईल अशा बेताने बोलला, "जिला लेकरू जगवता आलं नाही, ती लाकूड काय जगवणार?" साळूने पदर पुढे ओढला आणि चालू लागली.

घरी तिने तेल कोमट केले. तळहात तापेपर्यंत चोळू लागली. धामण तहानलेलीच होती. तेल ठेवावे तिथे दिसेनासे होई. पाठीला दिले, टोकांना दिले. मग धनुष्य उलटे केले, आणि तिचा हात अडला.

धनुष्याला पाठ असते तसे पोट असते. बाण मारणाऱ्याकडे जी बाजू येते, तिला पोट म्हणतात. आणि साळूचा हात जवळ गेला की तिला रुपलीचे पोट आठवायचे. अंघोळीआधी तेलाने चोळताना ती कशी पाय झाडून खिदळायची ते आठवायचे. आज नको, उद्या, असे करता करता रामनवमी आली. पाठ अशी निघाली की जणू मधात बुडवलेली. पोट कोरडे ते कोरडेच. ती कोणाला बोलली नाही.

पावसाळाभर साळू कपारीत जाई आणि खालून पाही. पाठीवर पडलेला थेंब मोत्यासारखा गोल होऊन निसटायचा. लोक वाखाणायचे. पोट रामाच्या बाजूला होते. ते रामाला तेवढे दिसत होते.

दसरा उजाडला. सारे गाव नदीकाठी जमले. महाराजांनी आपल्या हाताने रामाच्या मुठीतून धनुष्य सोडवून आणले. गावाची राखण करणाऱ्या जागल्याने गुडघा लावून दोरी चढवली, आणि तोच कट्‌ असा आवाज झाला. वाळलेली काटकी पायाखाली यावी, तेवढाच.

रंगोजीने पुढे होऊन धनुष्य उलटे केले. पोटाला आडवी चीर गेली होती. त्याने बोट फिरवून पाहिले आणि वर मान केली.

"पोटाला तेलाचा थेंब नाही! विचारा हिला, पोट का सुकं ठेवलं?"

रंगोजी खरेच बोलत होता. पाटील हळूच म्हणाले, मोडले ते नदीचे. जागल्या दोरी उतरवू लागला. दित्याच्या हातचे म्हणून जगात एवढेच उरले होते, आणि तेही आता पाण्यावर जाणार होते.

तेव्हा साळू बोलली. महाराजांकडे पाहून, अगदी खालच्या आवाजात.

"पोटाला हात लावला की माझी रुपली आठवायची, महाराज. माझ्यानं झालं नाही."

महाराज उठले. जागल्याच्या हातून धनुष्य घेतले आणि साळूला वाळूत बसवून तिच्या मांडीवर आडवे ठेवले. म्हणाले, "आता लाव."

तेल कुठे होते तिथे? कोरडाच हात. साळूने तो त्या चिरेवर ठेवला, आणि इतके दिवस दाबून धरलेले रडू बांध फुटावा तसे आले. रडता रडता तिचा हात फिरू लागला, वरून खाली, वरून खाली, लेकराला चोळावे तसा. ओठांतून तिच्याही नकळत अंगाईचा सूर निघाला. महाराज डोळे मिटून 'राम राम' म्हणत होते.

आणि काय सांगावे! तिचा तळहात चकाकू लागला. जवसाचा वास सुटला. पाठीने पोटभर प्यालेले ते तेल लाकडाच्या अंगातून पाझरत पोटाशी येत होते. सोनेरी, कोमट, थेंब थेंब. तिने जे पाजले होते, तेच लाकूड तिला परत देत होते. लाकडाला पान्हा फुटला होता, भाविकजनहो! चीर फुगली, मिटली, आणि हाताला लागेनाशी झाली.

जागल्याने दोरी चढवली. धनुष्य वाकले, हूं का चूं केले नाही. बाण नदी ओलांडून पलीकडच्या शेवरीच्या झाडांत दिसेनासा झाला. गावाने रामाचा गजर केला.

साळू गजरात नव्हती. ती आपल्या तेलकट तळहाताकडे पाहत होती. "लाकूड जगलं, महाराज," ती म्हणाली. "माझी रुपली का नाही जगली?"

महाराजांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग म्हणाले, "मी रोज रामाला हेच विचारतो, माय. तो सांगत नाही. नुसता भिजत उभा राहतो."

रंगोजीने पागोटे काढले आणि महाराजांचे पाय धरायला वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले आणि साळूकडे बोट केले. ज्या तोंडाने तो चैत्रात बोलला होता, ते तोंड त्याने वाळूत टेकवले, तिच्या पावलांपुढे. साळूने ओल्या हातानेच त्याला उठवले. त्याच्या खांद्यावर तेलाचा पंजा उमटला.

तो अंगरखा रंगोजीने पुन्हा धुतला नाही, असे झिरेखोऱ्यात सांगतात. आणि राम अजून कपारीत भिजतो आहे. दरवर्षी रामनवमीआधी गावातली कुणी माउली धनुष्य मांडीवर घेते, तेल कोमट करते, आणि आधी पोटाला पाजते.