मोरखळीची माती

"मोरखळीच्या शेतांतली माती खणा आणि गडावर आणा! सगळी! एक ढेकूळ मागे ठेवायचं नाही!"

राजा अचलसेनाचा हा हुकूम ऐकून दरबार गार पडला. झालं होतं असं, की राजाचे व्याही वज्रमाथा गडावर पाहुणचाराला आले आणि जाता जाता हसून म्हणाले, "गड बेलाग हो तुमचा! पण इथं साधी कोथिंबीर उगवत नाही." टोमणा राजाच्या जिव्हारी लागला. गडावर बाग झालीच पाहिजे! पण गड म्हणजे नुसता काळा कातळ. माती होती ती पायथ्याच्या मोरखळी गावात. राजा एकदा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसे, तिथे प्रधानाची काय कथा!

मोरखळीत रडारड सुरू झाली. माती गेली तर पेरायचं कशात आणि खायचं काय? गावकरी गड चढून आले खरे, पण सदरेसमोर उभं राहताच सगळ्यांची दातखीळ बसली. बोलली एकटी भिवरी. रायाजी कुणब्याची ही पोर मुलखाची फटकळ.

"महाराज, आमची माती म्हंजी तुमच्या गडाचीच लेक हाय. माहेर सोडून खाली आली, सुखानं नांदतीय. आता तिला माघारी कशाला वढता?"

"गडाची लेक? ती कशी?"

"तुमचा कातळच झिजून झिजून माती झालाय न्हवं!"

राजा ताडकन उठला. "माझा गड झिजतो? सुरुंग लावला तरी या कातळाचा टवका उडत नाही, आणि ही पोर म्हणते झिजतो! ठीक आहे. याच कातळाची माती मला आणून दाखव. छिन्नी, हातोडा, पहार, कशाला हात लावायचा नाही. खालची चिमूटभर माती वर आणायची नाही. दिवस मावळायच्या आत! नाही जमलं तर पहिली पाटी तुझ्याच डोक्यावर!"

रायाजीने कपाळाला हात लावला. पण डगमगेल तर ती भिवरी कसली!

"जमलं तर गावाची माती गावाला ऱ्हाईल?"

"राहील! राजाचा शब्द आहे!"

भिवरी गडभर हिंडली. इथे कातळ चाचप, तिथे फटीत बोट घाल, असं करता करता ऊन कलायला लागलं. तेवढ्यात तिला आठवलं, दर उन्हाळ्यात गडकरी पाण्याच्या टाक्यांतला गाळ उपसतात आणि कड्यावरून खाली लोटतात. तो मोरखळीच्याच बांधावर तर येऊन पडतो! तिने लगेच राजाला दरबारासकट गडाच्या अगदी माथ्यावरच्या टाक्यापाशी बोलावलं. उन्हाळा सरत आला होता, पाणी तळाला गेलं होतं, यंदाचा गाळ उपसायचा बाकी होता. भिवरी काष्टा खोचून आत उतरली आणि मूठभर काळाभोर गाळ घेऊन वर आली.

"ही घ्या माती!"

"हा तर गाळ! कुणीतरी आणून टाकला असेल."

"महाराज, गाळ वरनं खाली येतो. ह्या टाक्याच्या वर काय हाय?"

राजाने मान वर केली. वर एक गोलसर काळा कातळ होता आणि त्याच्यावर आभाळ.

"आभाळातनं माती पडत न्हाई. मग ऱ्हायला कोण?"

असं म्हणून भिवरीने त्या कातळाच्या कडेला नख घातलं. कांद्याचा सुटावा तसा एक पापुद्रा सुटून हातात आला! तिने तो मुठीत चुरडला आणि राजाच्या तळहातावर ठेवला.

"दिवसा तापतो, रातीला गार पडतो. फटीत पाणी शिरतं. आन् हे दगडफूल बघा, तुमच्या मुदपाकखान्यात मसाल्याला वापरत्यात ते. ते बी दगडाला चिकटून कुरतडतंय. ऊन, वारा, पाणी रोज तुमचा गड फोडत्यात, आन् पहारेकऱ्यांना पत्ता न्हाई! पावसात हाच चुरा टाक्यात येऊन बसतो. अशी कितीतरी टाकी हायती गडावर. तुमची बाग तुम्हीच दरसाल कड्याखाली लोटताय, महाराज!"

दरबारी तोंडाला पदर, उपरणं, जे मिळेल ते लावून हसू दाबू लागले. राजा क्षणभर ओशाळला. पण पुढच्याच क्षणी त्याचे डोळे चमकले.

"सापडलीस! शब्द दिला होता तो गावाच्या मातीचा. तुझ्याच तोंडाने तू सिद्ध केलंस, की मोरखळीची माती म्हणजे माझा गड. मग माझा गड मी परत नेणारच!"

भिवरीने कमरेवर हात ठेवले.

"न्या की! पर गडावर ऱ्हाणाऱ्यांना शिधा कुठनं मिळतो?"

"माझ्या कोठारातून. आजोबांपासूनची चाल आहे."

"मंग आमी पिढ्यान्‌पिढ्या ह्या मातीवरच ऱ्हातोय. माती म्हंजी गड, तर आमी गडकरी! जिथं गड जाईल तिथं गडकरी जाणार. उद्या सारं गाव वर येतंय, म्हातारीकोतारी, पोरंबाळं, कोंबड्याबकऱ्या घेऊन. शिधा कोठारातला खाऊ, आन् म्हशी बांधू तुमच्या नव्या बागेत!"

कोठीवाला घाबरून पुढे धावला. "महाराज! एवढं गाव वर आलं तर पावसाळ्याआधीच कोठाराचा तळ दिसेल!"

राजाने डोळे मिटले. मोगऱ्याच्या ताटव्यात रवंथ करणाऱ्या म्हशी त्याला दिसल्या असाव्यात, कारण तो एकदम खो खो हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हरलो, पोरी, हरलो! टाक्यांचा गाळ बागेला, मोरखळीची माती मोरखळीला! आणि भिवरीला आमच्या गोठ्यातली खिलारी बैलांची जोडी!"

भिवरीने बैलांचे कासरे हातात घेतले, मुजरा केला आणि दरवाजापाशी वळून म्हणाली, "महाराज, बैल खाली नेते. पर गडावरनं आलेत म्हणून उद्या माघारी मागायचे न्हाईत बरं का!"

राजा पुन्हा हसायला लागला, तो बैल पायथ्याला पोहोचले तरी हसतच होता.